मदत हवी आहे: अँटिबायोटिकच्या चाचणीत डिस्क म्हणते चालतं, मशीन म्हणतं नाही. कोणता रिपोर्ट सोडू?

प्लेटवाला
आयसीयूतल्या पेशंटचं ब्लड कल्चर आहे. आमच्याकडे किर्बी-बाउअरने (प्लेटवर औषधाची डिस्क ठेवून) डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला झोन १२ मिमी आला, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे सेन्सिटिव्ह. तोच स्ट्रेन शहरातल्या मोठ्या लॅबला पाठवला, तिथल्या ऑटोमेटेड मशीनवर एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची सर्वांत कमी मात्रा) ८, रेझिस्टंट! प्लेटचं म्युलर-हिंटन आगर मी स्वतः ओततो, ४ मिमी जाडी असते, इनॉक्युलम (प्लेटवर पसरायचं जंतूचं द्रावण) ०.५ मॅकफारलँड गढूळपणाचं. डॉक्टरांचे सारखे फोन येतायत. लवकर सांगा.

सूक्ष्मा
जंतू कोणता? औषध कोणतं? कंट्रोल स्ट्रेन (चाचणी बरोबर चालते का ते बघायचा ठरलेला जंतू) कोणता लावता? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

नव्या_पिढीची_लॅब
मशीन घ्या, हा प्रश्नच उरणार नाही. झोन मोजणारा माणूस बदलला की १-२ मिमी इकडेतिकडे होतात आणि सीमेवरचा जंतू एसचा (सेन्सिटिव्हचा) आर (रेझिस्टंट) होतो. आमचे बहुतेक रिपोर्ट त्याच दिवशी जातात.

जुना_मायक्रो
तालुक्याच्या लॅबला मशीनच्या कार्डांचा खर्च कोण देणार? आणि डिस्कला इतकं कमी लेखू नका. १९६६ पासून जगभर चालत आलेली पद्धत आहे. झोनच्या आत उगवलेल्या चार कॉलन्या, मिसळलेलं कल्चर, सगळं प्लेटवर डोळ्यांनी दिसतं. मशीन फक्त आकडा हातात ठेवतं. माझं मत विचाराल तर ई-टेस्टची (चढत्या मात्रेचं औषध असलेली) पट्टी लावा, एमआयसीही मिळेल आणि प्लेटही दिसेल.

मेडिकलवाला_दादा
सोपं आहे. रिपोर्टात ज्या औषधाची एमआयसी सगळ्यात लहान, तेच द्यायचं.

सूक्ष्मा
दादा, असं कोणाला सांगू नका. प्रत्येक औषधाचा ब्रेकपॉइंट (सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट ठरवणारी सीमा) वेगळा असतो. एकाची ०.५ आणि दुसऱ्याची ४ यांची तुलनाच होत नाही. एमआयसी त्या-त्या औषधाच्या ब्रेकपॉइंटशी ताडून बघायची.

प्लेटवाला
क्लेब्सिएला न्यूमोनिई. कोलिस्टिन, १० मायक्रोग्रॅमची डिस्क. कार्बापेनेम गटाच्या सगळ्या औषधांना जंतू रेझिस्टंट आहे, म्हणजे कोलिस्टिनच बघणार ना? कंट्रोल ई. कोलाय २५९२२, व्यवस्थित येतो.

सूक्ष्मा
कोलिस्टिन हे पहिल्या पोस्टमध्येच हवं होतं. डिस्कचा निकाल अजिबात सोडू नका. हा रेणू मोठा आहे, आगरमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे रेझिस्टंट आणि सेन्सिटिव्ह जंतूंचे झोन जवळजवळ सारखेच दिसतात. तुमच्या तक्त्यातला ‘११ आणि वर सेन्सिटिव्ह’ हा स्यूडोमोनासचा जुना आकडा असणार. क्लेब्सिएलासाठी सीएलएसआयने (चाचण्यांची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था) कोलिस्टिनचा झोन दिलेलाच नाही. तो तक्ता आजच काढा.

ई-टेस्टही नको, कारण ती पट्टीही आगरवरच पसरते. सीएलएसआय आणि युकास्टच्या (तशीच युरोपीय संस्था) संयुक्त गटाने २०१६ मध्येच सांगितलंय की कोलिस्टिनसाठी संदर्भ पद्धत ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घेऊन एमआयसी काढणं), तीही पॉलिसॉर्बेट (साबणासारखं रसायन) न घालता.

नव्या_पिढीची_लॅब
म्हणजे मशीनच बरोबर निघालं.

सूक्ष्मा
या स्ट्रेनपुरतं बहुधा हो. पण कोलिस्टिनमध्ये मशीनही रेझिस्टंटला सेन्सिटिव्ह म्हणतं, आणि आपल्या कामात याहून घातक चूक नाही. पेशंटला निरुपयोगी औषध चालू राहतं, वर मूत्रपिंडाला त्रास. म्हणून मशीनचं ‘चालतं’ही पडताळून घ्यावं.

जुना_मायक्रो
पट्टीचं मला मान्य नाही. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं नीट चालली आहे.

सूक्ष्मा
सर, व्हँकोमायसिनला, पेनिसिलिनला जरूर वापरा. इथे प्रश्न फक्त कोलिस्टिनचा आहे.

शेतकरी_पोरगा
हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात घालायचे ना? सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. कोलिस्टिनला रेझिस्टंट करणारं एमसीआर-१ जनुक चीनमध्ये सापडलं तेव्हा, २०१५ मध्येच, घालायला हवी होती. याबद्दल कोणी बोलत का नाही?

सूक्ष्मा
बोलायलाच हवं, पण वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन. इथे पेशंट थांबलाय.

प्लेटवाला, मायक्रोडायल्युशन जमत नसेल तर ब्रॉथ डिस्क इल्युशन (डिस्कमधलं औषध ब्रॉथमध्ये उतरवून केलेली चाचणी) करा. तुमच्याच डिस्क वापरायच्या. कॅटायन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथच्या १० मिलीच्या ४ नळ्या घ्या. त्यात अनुक्रमे ०, १, २ आणि ४ डिस्क टाका, म्हणजे मिलीमागे ०, १, २, ४ मायक्रोग्रॅम झालं. निदान अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा, मग प्रत्येकीत ०.५ मॅकफारलँडचं ५० मायक्रोलिटर घाला आणि १६ ते २० तास ३५ अंशांवर ठेवा. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी मात्र ही पद्धत नाही.

आणि २५९२२ सेन्सिटिव्ह आहे. तो बरोबर आला म्हणून रेझिस्टंट जंतू पकडला जातोय, असं ठरत नाही. एमसीआर-१ असलेला एनसीटीसी १३८४६ हा कंट्रोल स्ट्रेनही मागवा.

प्लेटवाला
ब्रॉथ साधं आहे, अ‍ॅडजस्टेड नाही. चालेल का?

सूक्ष्मा
नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमीजास्त झालं की कोलिस्टिनची एमआयसी सरकते. शेजारच्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत विचारा, किंवा स्ट्रेनच त्यांच्याकडे पाठवा. तोवर डॉक्टरांना फोनवर स्पष्ट सांगा की डिस्कचा निकाल ग्राह्य धरू नका, मशीनवर ८ आलंय, खात्रीची तपासणी चालू आहे.

एमआयसी २ किंवा कमी आली तरी ‘एस’ लिहू नका. सीएलएसआयने २०२० मध्ये तो वर्गच काढला, आता ‘आय’ (इंटरमिजिएट, मधला वर्ग) लिहायचं.

प्लेटवाला
डॉक्टरांना आत्ताच कळवलं. स्ट्रेन घेऊन निघतोय.