[मंडळ] पिवळा दिवा आणि 2140 डॉलर

प्रेषक: नोव्हायकर
मंगळवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी,

ढोलाच्या तालमीच्या मेलांमध्ये मध्येच घुसतेय, माफ करा. आमची 2012 ची सेडान आहे, 1,31,000 मैल झालेत. गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझायचं नाव घेत नाही. गाडी एरवी नीट चालते. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्टीअरिंगखाली यंत्र लावलं, दोन मिनिटांत पी-0420 असा कोड काढला आणि ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर शुद्ध करणारा डबा) गेला’ म्हणून 2140 डॉलरचा कागद हातात ठेवला. आम्ही अख्खी गाडी 4800 ला घेतली होती!

नवरा दोन महिन्यांसाठी पुण्याला गेलाय. तो फोनवर म्हणतो, ‘इथे नाना पेठेतल्या पार्टांच्या बाजारात कुणीतरी जुगाड करून दिला असता.’ नाना पेठ आपल्या मिशिगनातल्या नोव्हायपासून किती मैल, ते त्यालाच विचारा.

पार्ट स्वस्तात कुठे मिळेल? बसवून कोण देईल? माझं स्वतःचं कौशल्य वायपरचं पाणी भरण्यापर्यंतच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

---

प्रेषक: कँटनकर
मंगळवार, रात्री 11.15

माझ्या आधीच्या गाडीला हाच कोड आला होता. यूट्यूबवर कुणीतरी म्हणाला ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलला. मग दुसराही बदलला. 180 डॉलर गेले, दिवा तिसऱ्या दिवशी परत हजर. शेवटी गाडीच विकली. तुम्हीही तेच करा, डोक्याला ताप नको.

---

प्रेषक: ट्रॉयकर
बुधवार, सकाळी 6.05

नोव्हायकर वहिनी, कृपा करून अजून काहीही विकत घेऊ नका. आणि गाडी तर मुळीच विकू नका.

मी पिंपरीला टेल्कोत नोकरी केली आणि नंतर इथे डेट्रॉइटला आलो, तेव्हा गाड्यांविषयी जरा लांबण लावणार, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, कोड म्हणजे निदान नव्हे. अंगात ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतं, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. पी-0420 चा अर्थ एवढाच की कॅटच्या (म्हणजे त्या कन्व्हर्टरच्या) मागे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला जे दिसतंय त्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय, कॅट पुरेसं काम करत नाही. कॅट खरंच मेला असेल. सेन्सर सुस्तावला असेल. किंवा, मिशिगनात हे फार होतं, सायलेन्सरच्या पाइपाचा जोड मिठाने गंजून फाटला असेल. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मागच्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो बिचाऱ्या कॅटच्या नावाने ओरडतो. आपल्याकडे रस्त्यावर जेवढं मीठ पडतं तेवढं कोकणातल्या लोणच्यातसुद्धा पडत नाही.

कँटनकरांनी जे केलं त्याला आम्ही अंदाजपंचे पार्ट बदलणं म्हणायचो. कँटनकर, राग मानू नका, तारुण्यात मीही हे केलंय.

तपासायचं कसं, ते सांगतो. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या प्रत्येक कारला स्टीअरिंगखाली एकाच आकाराचं सॉकेट असतं. त्यात लावायचा रीडर वीस-तीस डॉलरला मिळतो, आणि ऑटोझोनसारख्या पार्टांच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात. पण फक्त कोड वाचू नका, चालू आकडे दाखवणारा रीडर घ्या. इंजिन चांगलं तापल्यावर मागच्या सेन्सरचा आलेख बऱ्यापैकी सपाट, 0.6 ते 0.7 व्होल्टच्या आसपास असावा. तो सारखा वर-खाली नाचत असेल तर पुढे चौकशी करायची. आणि कोड पुसू नका हो! ‘दिवा घालवून देतो’ म्हणणारे भेटतील. पुसला की दिवा लागला त्या क्षणीचे इंजिनाचे जे आकडे साठवलेले असतात, तेही जातात.

आता गळतीची तपासणी. सकाळी गार इंजिन सुरू करून शेजारी उभ्या राहा. फुट-फुट आवाज येतो का, आणि तापल्यावर तो कमी होतो का? लोखंड तापून फुगलं की फट मिटते. तसं असेल तर अर्धी लढाई जिंकली. पुढची युक्ती आपल्या पंक्चरवाल्याची: इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने बांधायची, आणि पाइपाच्या जोडांवर भांड्याच्या साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे आले तिथे भोक. जोडाभोवती काजळी धरलेली असेल तर बुडबुड्यांचीही गरज नाही.

गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. कधीही नाही. खाली लोखंडी स्टँड हवेत आणि जमीन सपाट हवी. माझ्याकडे तिरके चढ आहेत, त्यांवर पुढची चाकं चढवता येतात. शनिवारी घेऊन या.

घाई नाही. मिशिगनात गाडीची वार्षिक तपासणी वगैरे नसते, आणि पिवळा दिवा स्थिर आहे तोवर कामापुरती गाडी चालवता येईल. तो लुकलुकू लागला तर मात्र कडेला थांबा. तेव्हा इंजिन मिसफायर करत असतं, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, आणि मग कॅट खरोखरच जातो.

ता.क. कॅटची सरकारी हमी 8 वर्षं किंवा 80,000 मैल असते. तुमची संपली आहे, पण इतर कुणाची गाडी नवी असेल तर पैसे देण्याआधी डीलरला विचारा.

---

प्रेषक: नोव्हायकर
बुधवार, दुपारी 12.20

काका, मेल दोनदा वाचला. मला अहो-जाहो नको, तुमच्या मुलीपेक्षा लहान असेन. समजा कॅट खरंच गेला असेल, तर? ऑनलाइन एक 160 डॉलरचा दिसतोय.

---

प्रेषक: ट्रॉयकर
बुधवार, संध्याकाळी 7.30

बरं, मग अगं-तुगं.

कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून तर चोर तो कापून नेतात. 160 डॉलरच्या डब्यात या धातूंचा वासच असतो. वर्षभरात पुन्हा तोच कोड येण्याची शक्यता दांडगी. ही एक वस्तू स्वस्तात घेऊ नये असं माझं मत.

बाकीच्या पार्टांचं निराळं आहे. गाडीची कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. डेन्सो, ऐसिन, एनजीके, बॉश, अकेबोनो हे खरे बनवणारे. तोच डेन्सोचा सेन्सर डीलरकडे गाडीच्या कंपनीच्या खोक्यात घेतलास तर एक भाव, डेन्सोच्या खोक्यात घेतलास तर बराच कमी. म्हणून आधी शोधायचं की मूळ गाडीत कुणाचा पार्ट होता, आणि मग त्या नावाने खरेदी करायची. मी रॉकऑटो या पार्टांच्या साइटवरून मागवतो. तिथे एक मेख आहे: वेगवेगळे पार्ट वेगवेगळ्या गोदामांतून येतात आणि प्रत्येकाचं टपाल वेगळं लागतं, त्यामुळे सगळं एकाच गोदामातलं निवडायचं. परत पाठवायचा खर्चही बहुधा आपल्याच माथी येतो, म्हणून 17 अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) समोर ठेवून पार्ट क्रमांक जुळवायचा. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलला दोन प्रकारचे ब्रेक असतात, आणि नेमके चुकीचे आपल्याकडे येतात.

कुणीही विकू शकतं अशा बाजारपेठांच्या साइटवरून स्पार्क प्लग घेऊ नये. खोक्यासकट हुबेहूब नकला येतात. एअरबॅग तर नाहीच नाही.

बॅटरी, अल्टरनेटर, ब्रेकचा कॅलिपर घेताना बिलात ‘कोअर’ म्हणून जास्तीचे पैसे दिसतील. घाबरू नकोस. आपण कोकच्या रिकाम्या बाटलीचे 10 सेंट परत घेतो ना, तसंच. जुना पार्ट नेऊन दिला की पैसे परत.

---

प्रेषक: फार्मिंग्टनकर
बुधवार, रात्री 9.50

काकांनी भंगारवाल्यांचा उल्लेखच केला नाही! मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जशा गाड्या उलगडून ठेवलेल्या असतात, तशी इथे स्वतः पार्ट काढून न्यायची यार्डं आहेत. दोन-तीन डॉलर देऊन आत जायचं, आपला पाना आपण न्यायचा. माझ्या लेकाने डाव्या बाजूचा आरसा तोडला होता. नवा 210, रंगवायचे वेगळे. यार्डात त्याच रंगाचा 28 ला मिळाला आणि दाराच्या आतलं पॅनल कसं सुटतं ते दुसऱ्याच्या गाडीवर शिकायला मिळालं, ते फुकट. लांबून शोधायचं तर कार-पार्ट डॉट कॉमवर देशभरच्या यार्डांचा माल दिसतो.

आरसा, दिवा, हँडल, चाकाची रिम घ्यावी. ब्रेक, रबर, बेल्ट, पंप यांना हात लावू नये. जाड बूट घालून जा. मी पहिल्यांदा कोल्हापुरी घालून गेले होते, त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

---

प्रेषक: कँटनकर
गुरुवार, सकाळी 8.30

काकांशी सहमत, फक्त एक व्यवहाराची गोष्ट. पार्ट स्वतः आणून गॅरेजला ‘बसवून द्या’ म्हटलं तर बरेच जण नाही म्हणतात, किंवा कामाची हमी देत नाहीत. घरचं पीठ नेऊन हॉटेलात पोळ्या लाटून मागितल्यासारखं ते. त्यांचा नफा पार्टात असतो. आमच्या मिनीव्हॅनचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता तेव्हा मी सरळ विचारलं: ऐसिनचा किट, वॉटर पंपासकट, तुम्हीच मागवा, एकूण किती? तीन ठिकाणच्या आकड्यांत 500 डॉलरचा फरक निघाला.

---

प्रेषक: नोव्हायकर
शनिवार, रात्री 9.15

मंडळी, बुडबुडे आले!!

काकांकडे सकाळी नऊला पोचले. गार इंजिन सुरू केल्यावर फुट-फुट मलाही ऐकू आलं. इतके दिवस मला तो ‘गाडीचा आवाज’ वाटत होता. मग साबणाचं पाणी. मागच्या सेन्सरच्या जरासा पुढे, दोन पाइप जिथे जोडले जातात तिथे, चिंचगुळाच्या आमटीला फेस यावा तसा फेस. दोन बोल्टांपैकी एक गंजून अर्धा उरला होता आणि मधलं गॅस्केट (जोड घट्ट बसवणारी चकती) एका बाजूने उडालं होतं.

मी शहाणपणा करून गुरुवारीच 11 डॉलरचं गॅस्केट मागवून ठेवलं होतं. ते चुकीच्या मापाचं निघालं. (काका काही बोलले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं.) काकांनी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारायला सांगितलं होतं, मारलंही होतं, पण बोल्ट हलला तो तुटायलाच. मग त्यांच्या ओळखीच्या सायलेन्सरच्या दुकानात गेलो. त्यांनी तापवून बोल्ट काढला, नवे बोल्ट, नवं गॅस्केट, सगळं मिळून 138 डॉलर. जुने तुकडे मी मागून घेतले.

---

प्रेषक: ट्रॉयकर
शनिवार, रात्री 10.00

मापाबद्दल मी बोललो असतो, पण काकू चहा घेऊन आली होती.

दिवा लगेच विझणार नाही, काही दिवसांच्या चालवण्यात कॉम्प्युटर स्वतःच तपासून घेईल. तुकडे मागितलेस ते छान केलंस. मिशिगनात 1974 पासून कायदा आहे: गॅरेजची राज्याकडे नोंदणी हवी, मेकॅनिक प्रमाणित हवा, खर्चाचा लेखी अंदाज द्यायला हवा. पहिल्या गॅरेजचा कागद जपून ठेव, त्यावर ‘तपासणी’ या सदराखाली काय लिहिलंय ते मला बघायचंय.

आणि तुझे पुढचे ब्रेक पॅड तीन मिलिमीटरवर आलेत, ते मी खाली असताना पाहिलं. ते घरी होतील. पॅड सिरॅमिक घे, माप या वेळी मी बघतो.

---

प्रेषक: नोव्हायकर
बुधवार, सकाळी 7.55

दिवा विझला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. उत्तर आलं, ‘म्हणजे नाना पेठेइतकंच झालं.’

पॅड आलेत. काका म्हणतात चाकाचे नट नेमक्या ताकदीने आवळायला टॉर्क रेंच लागेल आणि त्यांचा कुणीतरी पिकनिकच्या वेळी नेलाय. कुणाकडे आहे?

---

प्रेषक: फार्मिंग्टनकर
बुधवार, सकाळी 8.10

माझ्याकडे. गराजमध्ये, मंडळाच्या मोदकपात्रांच्या खोक्याखाली. शनिवारी दहानंतर ये, आणि येताना एक मोदकपात्रही घेऊन जा, यंदा तुमच्याकडे 60 मोदक आहेत.