मदत हवी आहे: फॉस्टरला आणलेलं मांजर माणसाळतच नाही

शेवंता
मंडळी, पटकन मदत हवी आहे. एका संस्थेकडून मांजर फॉस्टर करायला, म्हणजे दत्तक जाईपर्यंत सांभाळायला आणलंय, बाहेरच वाढलेलं, अगदी रानटी. ते म्हणाले होते थोडी बुजरी आहे, होईल हळूहळू सवय. कसली सवय नि कसलं काय, पलंगाखाली पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसलीये, जवळ गेलं की फिसकारते, हात पुढे केला की पंजा. व्हिडिओ बघून गोड बोलणं, खेळणी, खाऊ सगळं झालं, ढिम्म फरक नाही. तिला लवकरच दत्तक द्यायचीये, असलं मांजर घेणार कोण? झटपट माणसाळवायचा उपाय सांगा. आणि कृपया "पेशन्स ठेवा" सांगू नका, तो संपलाय.

बोकोबा
वय किती? नसबंदी झालीये का? कधी आणली? खाते का? एकाच खोलीत आहे की घरभर मोकळी? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार कप्पाळ.

तिरसट
पेशन्स ठेवा :)

मृगजळ
टक लावून बघू नका तिच्याकडे, मांजराला ती धमकी वाटते. तिरकं बसायचं, तेही जमिनीवर, आणि नजर गेलीच तर डोळे हळूच मिटून हळूच उघडायचे. गंमत नाही, २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलंय हे, अनोळखी माणसानेही असे डोळे मिटले तर मांजर त्याच्या हाताजवळ यायची शक्यता वाढते.

तिरसट
ती घरात पाळलेली मांजरं होती. इथे रानटी मांजर पलंगाखाली अंधारात आहे, तिला यांच्या पापण्या दिसणार तरी का? मी सांगतो तो उपाय करा. जाड टॉवेलात गुंडाळायची, फक्त तोंड बाहेर, मांडीवर घेऊन बसायचं, रोज. ओरडेल, ओरडू दे. माझी तीन पिल्लं अशीच माणसाळली, आता उरावर बसून झोपतात.

बोकोबा
काका, पिल्लं! पिल्लांचं माणसांची सवय व्हायचं वय साधारण २ ते ७ आठवडे, त्याच्या थोडं पुढेपर्यंत टॉवेलचा प्रकार जमूनही जातो. मोठ्या रानटी मांजराला असं आवळलंत तर ती एकच गोष्ट शिकेल, की माणूस आला म्हणजे पकडणार. म्हणून तर वय विचारतोय, धागाकर्ती गायब.

शेवंता
गायब नाही हो, ऑफिस असतं. मोठी आहे, डॉक्टरांनी दोनेक वर्षांची सांगितली. डाव्या कानाचं टोक नाहीये, मारामारीत गेलं असेल. खाते, पण रात्री आम्ही झोपल्यावर, सकाळी वाटी चाटूनपुसून साफ. शू मात्र ट्रेमध्ये न करता बाथरूमच्या कोपऱ्यात. बेडरूममध्येच ठेवलीये. आणि झाडायला रोज तिला पलंगाखालून बाहेर काढावंच लागतं, झाडूने हळूच ढकलते, तेव्हा जाम चिडते.

मृगजळ
अगं बाई! झाडूने???

बोकोबा
कानाचं टोक सरळ रेषेत कापलंय का? मग ती मारामारी नव्हे, नसबंदी करून परत सोडलेल्या मांजराची खूण आहे, लांबून ओळखू यावं म्हणून करतात. आणि ते झाडणं आधी थांबवा. धूळ राहू दे.

दिगंतर
मुळात प्रश्नच चुकलाय. दोन वर्षं बाहेर काढलेलं मांजर घरात कोंडायचं कशाला? नसबंदी झाली, लस झाली, जिथून आणली तिथे सोडा. माणसाला हौस मांडीवर घ्यायची, शिक्षा मांजराला. हे माझं वैयक्तिक मत.

शेवंता
सोडता येत नाही. गाडीखाली सापडली होती, पुढचा एक पाय काढलाय.

बोकोबा
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!! ऑपरेशन कधी झालं? टाके निघाले का? पेनकिलर चालू आहे का? अर्धी चिडचिड दुखण्याची असेल. आणि ट्रेचं कोडंही सुटलं, तीन पायांवर उंच काठ ओलांडायचा, वर वाळू उकरायची म्हणजे कसरत. एका बाजूने अगदी बुटका असलेला पसरट ट्रे ठेवून बघा, तोही ती सध्या जाते त्याच कोपऱ्यात.

शेवंता
टाके निघालेत. गोळ्यांचा कोर्स आणण्याआधीच संपलेला.

सदाफुली
दुखत असेल तर पॅरासिटामॉलचा छोटा तुकडा दुधातून द्या, आपल्याला चालतं तर तिलाही चालेल.

बोकोबा
नाही नाही नाही. शेवंता, हे वाचलं असेल तर विसरा. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे, त्यांच्या यकृताला त्याचा निचरा करताच येत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. संपादक, वरचा प्रतिसाद उडवा प्लीज. दूधही नको, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

सदाफुली
आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मांजरं दूध पितायत, काही झालं नाही. गोळीचं माहीत नव्हतं, पण एवढं ओरडायची गरज नव्हती.

तिरसट
गरज होती. बोकोबांना अनुमोदन (आयुष्यात एकदाच).

अबोली
मी फॉस्टर करते अधूनमधून, म्हणून लिहिते. पलंगाखालची जागा बंद करायची, पण ती आत असताना नाही, आणि दुसरी लपायची जागा दिल्याशिवाय तर मुळीच नाही. आधी एक खोका आडवा करून त्यात जुनी चादर घाला, तोंडावर कापड अर्धवट सोडा, भिंतीला लागून ठेवा, खाणं त्याच्याजवळ. ती रात्री खाऊन तिथे बसायला लागली की मग गाद्या-उशा लावून पलंगाखालचा भाग बुजवा, किंवा सरळ गादी जमिनीवर टाका. लपू द्यायचं, पण तुम्हाला पोचता येईल अशा जागी. दुसरं, वाटी रात्रभर भरून ठेवू नका. ठरल्या वेळी खाणं घेऊन जायचं, ठेवायचं आणि दाराजवळ बसून आपलं पुस्तक वाचायचं, मोठ्याने वाचलं तरी चालेल. तुम्ही असताना खाल्लं तर रोज वीतभर पुढे सरकायचं, नाही खाल्लं तर उलट मागे. उपाशी ठेवून मोडायचं नाही हं, मांजर एक-दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तरी यकृताला चरबी चढू शकते. पातळ खाऊ लांब दांड्याच्या चमच्यावर द्या, चमचा हळूहळू आखूड करत जायचा. हात लावायची वेळ येईल तेव्हा डोक्यावरून कधीच नाही, बोट नाकासमोर धरायचं, तिने गाल घासला तर गालावरच थांबायचं.
जाता जाता, पाय काढला त्या बाजूला हात नकोच.

मृगजळ
+१. आणि फिसकारणं म्हणजे राग नव्हे, "लांब राहा" एवढंच. राहायचं.

दिगंतर
पाय नाही म्हणता तर सोडण्याचा मुद्दा मागे घेतो. पण लवकरच दत्तक हे विसरा. संस्थेला स्पष्ट सांगा, हिला मुदत लावू नका. काही मोठी रानटी मांजरं कधीच मांडीवर येत नाहीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला निवांत झोपतात, आणि तेवढं मान्य असणारी माणसंही असतात.

शेवंता
अबोली, धन्स, खोका लगेच करते. एक विचारायचं राहिलं, परवा पकडताना अंगठ्याला दात लागला, थोडा सुजलाय, हळद लावलीये. परत पकडायची वेळ आली तर कुठले ग्लोव्ह्ज चांगले?

बोकोबा
ग्लोव्ह्ज गेले खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा!! मांजराचा दात सुईसारखा आत जातो, वरून भोक दिसतही नाही आणि आत पू होतो, अंगठ्याला सूज म्हणजे थांबायचं कारणच नाही. चावल्यावर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायला हवं, आताही धुवा आणि निघा. रेबीजचं इंजेक्शन, धनुर्वात, अँटिबायोटिक, तेच ठरवतील. मांजराच्या लसीचा कागद संस्थेकडून मागवा पण त्यासाठी थांबू नका.

तिरसट
कागद असला तरी जा. माझ्या मेहुण्याचं बोट असंच…

मृगजळ
काका, तिला घाबरवू नका.

तिरसट
घाबरवतोच आहे.

शेवंता
जाऊन आले. अँटिबायोटिक आणि इंजेक्शनांचा कोर्स चालू केला, बोकोबा थँक्स, डॉक्टरही तुमच्याच सुरात ओरडले. पशुवैद्यांशीही बोलले, ते म्हणाले पाय काढल्यावर नसांचं दुखणं राहू शकतं, गॅबापेंटिन दिलंय, त्याने भीतीही जरा उतरते म्हणे. खोका ठेवलाय, गादी जमिनीवर आलीये, नवऱ्याची पाठ दुखतेय. बुटका ट्रे पहिल्या रात्रीच वापरला. मी दाराशी बसलेली असताना आज खाल्लं तिने, माझ्याकडे बघत, मधेमधे फिसकारत. संस्थेला मुदतीचं अजून कळवलं नाहीये, ते जरा अवघडच आहे.

अबोली
फिसकारत का होईना, खाल्लं ना! आता आठवडाभर त्याच जागी बसा, पुढे सरकू नका. संस्थेचा मेसेज मी लिहून देऊ का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

सदाफुली
माझा बोका हल्ली पडद्यावर मुततो, त्यालाही हे गॅबापेंटिन चालेल का?

बोकोबा
वेगळा धागा काढा. आणि त्यात वय, नसबंदी आणि पाय किती ते पहिल्या ओळीत लिहा.