पायथनमधलं अ‍ॅप विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे द्यायचंय, सेटअप कसा बनवायचा?

पानपलट्या:
मंडळी, गावाकडच्या वाचनालयांसाठी छोटं अ‍ॅप लिहिलंय, पायथन आणि पायसाइड ६ मध्ये (खिडक्या-बटणांच्या क्यूटी लायब्ररीचं पायथन रूप), डेटा एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला डेटाबेस). दाखल नोंद, वर्गणी, देवघेव, बस एवढंच. माझ्या लिनक्स मिंटवर मस्त चालतं पण ग्रंथपालांना द्यायची वेळ आली आणि तिथेच घोडं अडलं. त्यांना पायथन टाका, पिप चालवा असं सांगून उपयोग नाही, डबल क्लिक केलं की उघडलं पाहिजे. मित्राच्या विंडोजवर पायइन्स्टॉलरने (अ‍ॅप पायथनसकट बांधून देणारं टूल) वनफाइलवाली, म्हणजे सगळं एकाच फाइलीत असलेली ईएक्सई बनवली तर ती उघडायला इतका वेळ खाते की काकू तोवर आणखी दोनदा क्लिक करून मोकळ्या, मग एकदम तीन खिडक्या. एका ठिकाणी अँटीव्हायरसने फाइलच गायब केली. आणि कहर म्हणजे एका वाचनालयात दिवसभर नोंदी केल्या, दुसऱ्या दिवशी उघडलं तर यादी रिकामी! एक विश्वस्त मॅकवाले आहेत, एका ठिकाणी अजून विंडोज ७ आहे. मिंटवरूनच तिन्हींचे बिल्ड निघतात का?

टर्मिनलकाका:
नाही निघत. पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल तिच्यापुरतंच पॅकेज बनवतो. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) जुगाड करणारे आहेत, त्या वाटेला जाऊ नका. कोड गिटहबवर टाका, तिथल्या अ‍ॅक्शन्समध्ये (आपोआप बिल्ड करून देणारी सोय) विंडोज, मॅक, उबुंटू तिन्ही मशिनं मिळतात, पब्लिक रेपोला फुकट.

नोंदी का गेल्या ते बहुतेक असं असणार. वनफाइल ईएक्सई उघडताना पोटातलं सगळं टेम्पमध्ये एका फोल्डरात सोडते (नाव _एमईआय आणि पुढे आकडे), तिथून चालते आणि बंद होताना ते फोल्डर पुसून टाकते. तुम्ही डेटाबेसची फाइल पॅकेजमध्येच घातली असेल आणि कोड तीच उघडत असेल तर काकूंनी लिहिलेलं सगळं त्या टेम्पमधल्या कॉपीत गेलं आणि खिडकी बंद केल्याबरोबर साफ. दर वेळी हे सोडणं-बांधणं चालतं म्हणून उघडायला वेळ, आणि असं वागणारी ईएक्सई अँटीव्हायरसलाही खटकते.

तर वनफाइल सोडा, वनडिर (सगळं एका फोल्डरात) घ्या आणि ते फोल्डर इनो सेटअपमध्ये (विंडोजचा इन्स्टॉलर बनवणारं टूल) गुंडाळा. त्यात परवानगी 'लोएस्ट' ठेवली की अ‍ॅडमिन पासवर्ड न मागता त्या युजरपुरतं इन्स्टॉल होतं, वाचनालयातल्या पीसीचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. अ‍ॅपआयडी (इन्स्टॉलरमधली अ‍ॅपची ओळख) एकदा ठरवला की पुढच्या प्रत्येक व्हर्जनला तोच ठेवा, म्हणजे जुन्यावरच नवीन बसतं. डेटाबेस मात्र इन्स्टॉल फोल्डरात अजिबात नको. क्यूटीच्या स्टँडर्डपाथ्सला अ‍ॅपडेटाची जागा विचारा, विंडोजवर अ‍ॅपडेटा रोमिंग, लिनक्सवर होममधलं .लोकल/शेअर, मॅकवर लायब्ररीतलं अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, तिन्हीकडे बरोबर उत्तर येतं. आणि तीन खिडक्या उघडू नयेत म्हणून क्यूटीचं क्यूलॉकफाइल लावा (अ‍ॅप एका वेळी एकदाच उघडू देतं), चार ओळींचं काम.

ईएक्सईवर डिजिटल सही नसल्यामुळे विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची निळी इशाऱ्याची खिडकी येईलच. जून २०२३ पासून अशा सहीची (कोड सायनिंगची) की हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्याच सुरक्षित मॉड्यूलमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे स्वस्तात भागत नाही. 'मोअर इन्फो' मग 'रन एनीवे' याचा स्क्रीनशॉट काढून पाठवा.

वेबचबरं:
एवढा खटाटोप कशाला, वेबसाइट करा ना, नाहीतर इलेक्ट्रॉन (वेबपानांसारखं लिहून डेस्कटॉप अ‍ॅप).

टर्मिनलकाका:
नेट गेलं की देवघेव बंद ठेवायची का? आणि इलेक्ट्रॉन म्हणजे अख्खं क्रोमियम ब्राउझर सोबत पाठवणं, शिवाय सही, इन्स्टॉलर, तीन बिल्ड हे सगळं तिथेही आहेच.

सफरचंदी:
मॅकचं सांगते. अ‍ॅपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलर, ते असेल तरच नोटरायझेशन (अ‍ॅपलने अ‍ॅप तपासून दिलेली मान्यता). एका विश्वस्तांसाठी भरू नका दादा. डीएमजी (मॅकवर अ‍ॅप देण्याची फाइल) द्या, पहिल्यांदा अडवेल, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली 'ओपन एनीवे' दाबायला सांगा. आधी कंट्रोल-क्लिक करून ओपन म्हटलं की चालायचं, ते मॅकओएस सेक्वोयापासून बंद झालंय आणि नेटवरच्या जुन्या लेखांत अजून तेच लिहिलेलं सापडतं. त्यांचं मॅक इंटेलचं की एम-वालं तेही विचारा, बिल्ड वेगळा लागेल.

टर्मिनलकाका:
विंडोज ७ राहिलंच. क्यूटी ६ तिथे चालत नाही, पायथन ३.९ पासून पुढचंही नाही. एका पीसीसाठी पायथन ३.८ आणि पायक्यूटी ५ चा वेगळा बिल्ड सांभाळत बसण्यापेक्षा मशीन ६४ बिट असेल तर सरळ मिंट टाकून द्या, मराठी इन्स्क्रिप्ट लेआउट त्यात आहेच. लिनक्ससाठी अ‍ॅपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल) करा, पण बिल्ड जुन्या उबुंटूवर करा, नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) केलेलं जुन्यावर उघडत नाही. 'एक्ससीबी प्लगइन लोड झाला नाही' असं आलं (एक्ससीबी म्हणजे लिनक्सवर खिडकी दाखवणारा क्यूटीचा भाग) तर बहुतेक वेळा लिबएक्ससीबी-कर्सर० हे पॅकेज नसतं.

पानपलट्या:
काका, डेटाबेसचं अगदी तसंच निघालं, कोडमध्ये पाथ पॅकेजमधलाच आहे. आजच बदलतो. पण त्या गेलेल्या नोंदी परत मिळायचा काही चान्स?

टर्मिनलकाका:
अ‍ॅप नीट बंद केलं असेल तर अवघड. पण तिकडे लाईट जाते ना? अ‍ॅप चालू असताना पीसी बंद पडला तर फोल्डर पुसायचं राहून जातं. रनमध्ये %टेम्प% टाईप करा आणि _एमईआयवाली जेवढी फोल्डरं दिसतील तेवढी आधी पेनड्राइव्हवर घ्या, डेटाबेससोबत जर्नल किंवा वॉल नावाची फाइल दिसली तर तीही, मगच उघडून बघा. आणि काकूंना फोन करून सांगा, तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका म्हणावं.