गेसीचे पत्र मिरवणाऱ्या सदस्यास

बोरूबहाद्दर: जॉन वेन गेसीने तुरुंगातून लिहिलेले पत्र लिलावात मिळाल्याचे एका सदस्याने काल अभिमानाने जाहीर केले, त्याला ‘इतिहासाचा ऐवज’ म्हटले आणि वर अभिनंदनही स्वीकारले, म्हणून सविस्तर उत्तर देणे भाग आहे. शिकागो परिसरातल्या या माणसावर ३३ मुलांचे व तरुणांचे खून सिद्ध झाले. त्याच्या अक्षराला किंमत येते ती त्या मरणांमुळे, मजकुरामुळे नव्हे. ईबेनेसुद्धा २००१ मध्ये असली विक्री बंद केली. व्यापाऱ्याला जी लाज वाटली ती संग्राहकाला वाटू नये?

जुना कागद: तो सदस्य मीच. गेसीला १९९४ मध्येच मृत्युदंड दिला गेला, तेव्हा माझ्या पैशातला छदामही त्याला पोहोचलेला नाही. टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीची पत्रे मिशिगन विद्यापीठ जपते, ते संशोधन. मी एक पत्र जपले की विकृती!

ह्यूस्टनकर: विद्यापीठाला ती खुद्द काझिन्स्कीने दिली आणि अभ्यासकांना ती पाहता येतात, तुमच्या कपाटातले पत्र कोण पाहणार? पैसा गेसीला नाही, पण दलालाला मिळाला, आणि असेच दलाल आज जिवंत कैद्यांशी गोड पत्रव्यवहार करून त्यांची उत्तरे विकतात.

तिखटमीठ: हे सारे जाळावे. जून १९९४ मध्ये नेपरव्हिल येथे गेसीची चित्रे विकत घेऊन बळींच्या नातेवाइकांसमक्ष जाळली, तेच योग्य होते.

जुना कागद: म्हणजे जाळण्यासाठी आधी बाजारात पैसे ओतले. धन्य!

तिखटमीठ: शहाणपणा पुरे. माझ्या मावसभावाचा खून झाला. खटल्याच्या काळात आरोपीचे छायाचित्र छापलेला प्रत्येक अंक मावशी चुलीत घालत असे. त्याने तिला न्याय मिळाला असे मी म्हणत नाही, पण त्या दिवशी ती दोन घास जेवत असे. तुम्हाला मात्र त्या आगीतही बाजारभावच दिसतो.

बोरूबहाद्दर: आपल्या दुःखाचा आदर राखून सांगतो, जाळण्याला माझा विरोध आहे. असे खुनी माणसाला शब्दांनी कसे भुलवतात, याचा पुरावा पत्रांतच राहतो.

जुना कागद: म्हणजे पत्र जपावे, फक्त मी जपू नये, एवढाच आक्षेप उरला तर!

ह्यूस्टनकर: होय, एवढाच, आणि तो लहान नाही. अमेरिकी सरकारने २०११ मध्ये काझिन्स्कीच्या वस्तूंचा लिलाव केला तो पीडितांना भरपाई देण्यासाठी. तुम्हीही विका आणि रक्कम पीडितांच्या कुटुंबांना द्या.

जुना कागद: विकणार नाही आणि जाळणारही नाही. जिवंत कैद्यांची पत्रे घेणे मात्र थांबवतो. आपण सर्वांनी माझा खर्च वाचवलात, त्याबद्दल आभार.