फुकट गेला, पण चूक कधीची?

खारघरकर, करार संपून क्लबचा फुटबॉलपटू एक पैसा न देता निघून गेला, त्यावर ‘शेवटच्या वर्षात विकला नाही, आता फुकट गेला’ हा तुमचा राग रास्त आहे, पण चूक त्याच्या एक वर्ष आधीची. फिफाच्या नियमानुसार कराराचे 6 महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पूर्वकरार (आताचा करार संपल्यावर तिकडे जाण्याचा करार) करू शकतो. मग गिऱ्हाईक शेवटच्या वर्षात पूर्ण भाव कशाला देईल? करार वाढवायचा की विकायचं, हे दोन वर्षं शिल्लक असतानाच ठरवायला हवं.

लांब करार हा त्यावरचा इलाज नाही. समजा 50 कोटींना 5 वर्षांसाठी घेतला, तर ही रक्कम कराराच्या वर्षांत विभागून हिशेबात दरवर्षी 10 कोटी खर्च पडतो. 3 वर्षांनी वहीत त्याची किंमत 20 कोटी उरते. 15 ला विकलात तर 5 कोटींचा तोटा. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने 2023 मध्ये युक्रेनच्या मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला, त्याने हा वार्षिक आकडा लहान झाला. पुढे युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) ही विभागणी 5 वर्षांवरच अडवली. आणि पगार? तो बाकावर बसलेल्यालाही पूर्ण मुदत द्यावा लागतो!

आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या क्लबांना यात एक गोष्ट कामाची आहे. पोरगं परदेशी क्लबांमध्ये विकलं गेलं, तर ट्रान्सफर फीचे (घेणारा क्लब विकणाऱ्याला देतो ती रक्कम) 5 टक्के त्याला 12 ते 23 वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: 15 पर्यंत वर्षाला 0.25 टक्का, पुढे 0.5. नुसता स्पर्धेचा फॉर्म भरून भागत नाही, फुटबॉल फेडरेशनकडे पोराची रीतसर नोंदणी लागते. फी शून्य असेल तर वाटाही शून्य.