विणकामाच्या परंपरा आणि पाळीव ससे : खरोखर उपयोगी पडलेली पुस्तके

ज्यांच्या घरी लोकरीची टोपली आणि ससा एकत्र नांदतात, किंवा दोहोंपैकी एक तरी आहे, अशा सर्वांना हे निमंत्रण आहे. सुया हातात असताना किंवा सशाने खाणे सोडल्यावर तुम्ही कोणते पुस्तक उघडता आणि त्यातील नेमका कोणता भाग उपयोगी पडला, हे कृपया सविस्तर लिहावे.

*

सुरुवात मी करते. एलिझाबेथ झिमरमन यांचे १९७१ सालचे 'निटिंग विदाउट टीअर्स' वाचल्यापासून मी तयार नमुन्यांवर विसंबून राहत नाही. आधी लहान तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजायचे, त्या संख्येला छातीच्या घेराने गुणायचे आणि बाकी सारे त्या प्रमाणात ठरवायचे, अशी त्यांची रीत आहे. इंचाला पाच टाके आणि घेर चाळीस इंच असेल, तर स्वेटरच्या अंगासाठी २०० टाके येतात. मनगटाला त्यांचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४०, आणि बाहीच्या वरच्या टोकाला साधारण तिसरा हिस्सा लागतो. लोकर किंवा सुई बदलली, तरी हिशेब हाच राहतो.

*

परंपरेचा इतिहास हवा असेल, तर इंग्लंडमधील लेस्टरचे तत्कालीन बिशप रिचर्ड रट यांचे 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' (१९८७) अवश्य वाचावे. आयर्लंडच्या ॲरन बेटांवरचे नक्षीदार स्वेटर अतिप्राचीन आहेत, हा समज त्यांनी खोडून काढला आहे. बुडालेल्या कोळ्याची ओळख घराण्याच्या नक्षीवरून पटत असे, ही कथा तर सर्वत्र सांगितली जाते, पण जिथून ती निघाली असे मानतात, त्या जे. एम. सिंग यांच्या १९०४ सालच्या नाटकात बहिणीला भावाची ओळख पटते ती मोज्यात सुटलेल्या चार टाक्यांवरून. कथा गोड असली तरी पुरावा मागावा, ही सवय मला या पुस्तकाने लावली.

*

एस्टोनियाच्या हापसालू गावच्या जाळीदार शालींसाठी नॅन्सी बुश यांचे 'निटेड लेस ऑफ एस्टोनिया' सुचवतो. त्या शालींवरची बोंडे विणताना एकाच टाक्यातून पाच किंवा सात फासे काढतात आणि परतीच्या ओळीत ते सगळे एकत्र उलटे विणतात. फासे सैल ठेवले नाहीत, तर सुईचे टोक आत शिरतच नाही. सुई अणकुचीदारच घ्यावी.

*

माझे पुस्तक सशांचे आहे : मॅरिनेल हॅरिमन यांचे 'हाउस रॅबिट हँडबुक'. पहिली आवृत्ती १९८५ची असल्यामुळे नवी आवृत्ती मिळवावी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्याचे आतडे तंतूंवर चालते. म्हणून वाळलेले गवत हाच मुख्य आहार, गोळीखाद्य मोजून आणि फळ नावापुरते. एका संध्याकाळी आमच्या सशिणीने आवडती कोथिंबीर हुंगून सोडली. पिंजऱ्यात लेंड्या अगदी बारीक आणि केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसत होत्या. आतडे मंदावल्याची ही खूण आहे आणि अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचे नसते, हे वाचून ठाऊक होते. त्याच रात्री तिला पशुवैद्यांकडे नेले आणि ती वाचली. घरात ससा येण्याआधीच पुस्तक यावे, असे माझे ठाम मत आहे.

सशाचे वागणे समजून घ्यायचे असेल, तर आर. एम. लॉकली यांचे 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट' (१९६४) वाचावे. मागचे पाय आपटणे म्हणजे धोक्याची सूचना आणि हनुवटी घासणे म्हणजे आपल्या गंधाची खूण, हे कळले की सशाला कोणी हट्टी म्हणत नाही.

*

आमच्याकडे अंगोरा ससा आहे, त्यामुळे मला दोन्ही प्रकारची पुस्तके लागतात. या जातीचे केस नियमित विंचरून काढावेच लागतात, कारण अंग चाटताना ते पोटात जातात आणि सशाला ओकता येत नाही. निघालेले केस अतिशय उबदार असतात, पण ताणल्यावर पुन्हा मूळ आकारात येण्याचा गुण त्यांत जवळजवळ नसतो. म्हणून मी ते मेंढीच्या लोकरीत मिसळून कातते आणि मनगटाच्या पट्टीला निव्वळ मेंढीचीच लोकर वापरते. अंगोराचे केस कातण्यावर कोणी चांगले पुस्तक वाचले असल्यास जरूर कळवावे.