आधी नमुने, मग राजीनामा

शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून कॉपीरायटिंगमध्ये, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या कामात, यायला आधी कोर्स करावा का, असा प्रश्न काही शिक्षकांना पडतो. कोर्सपेक्षा नमुने तयार करा. घरगुती मसाले, दवाखाना, सायकलचं दुकान असे तीन व्यवसाय निवडून प्रत्येकासाठी गूगल सर्च जाहिरात (गूगलवर शोधल्यावर निकालांसोबत दिसते ती) लिहा: शीर्षक 30 कॅरेक्टरमध्ये, वर्णन 90 मध्ये. काना-मात्राही मोजा.

शिक्षकांचं घोडं इथेच अडतं. वर्गात आधी व्याख्या, मग उदाहरण ही सवय. जाहिरातीत गिऱ्हाइकाचा फायदा पहिल्याच ओळीत हवा. ‘आमचे मसाले पारंपरिक पद्धतीने बनवले जातात’ हे लांबतं आणि काहीच सांगत नाही. ‘मागणी आल्यावरच कुटलेला मसाला’ शीर्षकात नेमकं बसतं.

नमुन्यावर ‘सरावासाठी’ असं स्पष्ट लिहा. पहिल्या कामाआधी दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, हे काम देणाऱ्याकडून लेखी घ्या. नाहीतर ठरलेल्या पैशांत काम संपतच नाही.